फुलाआत्यांचा बटणाचा फोन

फुलाआत्यांना कुणाच्या घरात पुढच्या दारानं शिरताना मी फारसं पाहिलं नाही. घराला वळसा घालायचा, गोठ्याच्या बाजूनं मागं जायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हाक मारायची, "हायसा का गं?" पुढचं दार पाहुण्यांचं, असं त्यांचं म्हणणं. "पुढल्या दारानं गेलं की लोकं खुर्ची देत्यात, पंखा लावत्यात. मग घरातलं काय दिसतंय? भितीवरचं क्यालिंडर दिसतंय."

आत्या सोयरिकी जमवायच्या. सणसर त्यांचं माहेर. लग्न होऊन गेल्या, नवरा लवकर वारला आणि लेकाला, दत्ताला, कडेवर घेऊन त्या कायमच्या परत आल्या. माहेरी राहिलेली बाई अख्ख्या गावाची आत्या होते. म्हाताऱ्यांची, पोरांची आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या सुनांचीसुद्धा. माझं माहेर इंदापूर. तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी. लग्नानंतर मी रोज सकाळी सणसरहून इंदापूरची एसटी धरू लागले आणि त्या गाडीत शेजारच्या घरातल्या आत्या मला नव्यानं भेटल्या. आठवड्यातून दोनतीनदा त्या गाडीत असायच्याच. कुठल्या तरी फाट्यावर उतरायच्या आणि उसातून पायवाटेनं चालू लागायच्या.

उंच, काटक अंग, नऊवारी लुगडं, पायात पुरुषी वहाणा. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन कोकणाकडं निघायचे आणि ही पोर मागं चालायची. पुढं मेंढरं गेली, भावांनी ऊस लावला, पण आत्यांची चाल तीच राहिली. आवाजही माळावरचा. शेजारच्या शेतातल्या माणसाशी बोलावं तसं त्या समोर बसलेल्याशी बोलत. दत्ता म्हणायचा, "आईला फोन कशाला पायजे? ती नुसती बोलली तरी बारामतीला ऐकू जातंय."

घर बघायची त्यांची रीत ठरलेली. आधी कळवायचं नाही. सकाळी धारा काढायच्या वेळेला जायचं, नाहीतर ऊसतोड चालू असताना, म्हणजे घरात सगळ्यांची घाई असेल तेव्हा. एकदा निमगावच्या एका मुलाचं स्थळ होतं. सरकारी नोकरी, बागायत, मुलगा देखणा. मुलीकडचे खूश. आत्या धारेच्या वेळी गोठ्याकडून गेल्या. मुलाच्या आईनं वासरू धरायला त्याला हाक मारली, तर तो बाजेवरून न उठताच म्हणाला, "तुला हात न्हाईत का?" आत्या तिथूनच माघारी फिरल्या. मुलीचा बाप चिडला. एवढ्याशा शब्दावरून एवढं स्थळ सोडायचं का, म्हणाला.

"आईला हात न्हाईत का म्हणतंय ते पोरगं," आत्या म्हणाल्या. "बायकूला काय म्हणंल, त्याचा इचार तुमी करा. म्या जमवत न्हाय."

सोयरीक जमली तरी त्या लग्नातल्या आहेराच्या लुगड्यापलीकडं काही घेत नसत. आणि लग्नानंतर वर्षभर त्या घराच्या मागच्या दारात एकदोनदा तरी जाऊन येत. सूनबाईची तब्येत बघायला आले, म्हणायच्या. खरं म्हणजे आपलं काम बघायला जायच्या.

मग दत्ताला गुजरातमधल्या कंपनीत बदली मिळाली. बायको आणि तान्ह्या मुलाला घेऊन तो तिकडं गेला आणि जाताना आईला टच मोबाईल देऊन गेला. नातू रोज दिसावा म्हणून. आत्यांना वाचता बेताचंच यायचं, पण तो फोन त्यांनी आठवड्यात ताब्यात घेतला. लिहायचं कुठं होतं? बोलायचं होतं. माईकवर बोट दाबून त्या असा काही निरोप ठेवायच्या की ऐकणारा फोन कानापासून लांब धरायचा. मुलामुलींचे बायोडाटा त्यांच्याकडं येऊ लागले. वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. गाडीत बसलो की आत्या फोन माझ्या हातात द्यायच्या, "वाच गं पोरी, ह्यो कुणाचा कोण हाय."

आपल्याकडं आता तिशी उलटलेली, लग्न न ठरलेली मुलं किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. फुलाआत्यांच्या नावाचा ग्रुप निघाला. एक भरला म्हणून दुसरा. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस, कुठूनकुठून फोटो यायचे. व्हिडिओ कॉलवर मुलगी बघायची, घर बघायचं, गोठा बघायचा. एका वधूवर मेळाव्यात आत्यांना शाल घालून स्टेजवर बसवलं. त्यांचा फोटो पेपरात आला. मग हळूहळू आत्या गाडीत दिसेनाशा झाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात गं. आन समदं हितंच दिसतंय की आता."

त्याच दिवसांत सारिकाची सोयरीक जमली.

सारिका माळेगाव बुद्रुकची. वडील पोपटराव ट्रॅक्टरवर चालक, आई घरी. मुलगी बी.एस्सी. झालेली, हुशार, जरा अबोल. मुलगा पुरंदरकडचा, पुण्यात कंपनीत कायम नोकरीला, असं सांगितलं होतं. दोनमजली घराचा फोटो आला. व्हिडिओ कॉलवर मुलगा बोलला, त्याचे वडील बोलले, आई लांबूनच हसली. सारिकाच्या आईनं आत्यांना विचारलं, "आत्या, घर कसं हाय?"

"म्या बघितलंय. चांगलं हाय," आत्या म्हणाल्या. फोनमध्ये पाहिलं होतं, म्हणून त्यांना ते खोटं वाटलंच नाही.

लग्न झालं आणि सहा महिन्यांत सारिका परत आली. गळ्यावर उमटलेले वळ झाकायला ओढणी घट्ट गुंडाळलेली, अंगावरच्या कपड्यानिशी. दोनमजली घर चुलत्याचं होतं. नोकरी लग्नाआधीच सुटलेली. आणि मारहाण ही त्या घरात रोजची गोष्ट होती.

बातमी कळली त्या रविवारी आत्या मला घेऊन माळेगावला गेल्या. बारामतीपर्यंत एसटीनं, पुढं रिक्षानं. पोपटरावांच्या घरालाही त्या वळसा घालूनच गेल्या. सारिका मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. पोपटराव बाहेर आले, त्यांची बायको आली.

सारिकानं मान वर केली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "आत्या, तुमी त्या घरी गेला व्हता का वो?"

"न्हाय," आत्या म्हणाल्या.

"मग आईला बघितलंय म्हणून का सांगितलंत?"

पोपटरावांना ते बघवेना. ते म्हणाले, "जाऊ द्या आत्या. तुमचा काय दोष? आमीबी फोनवर बघितलंच की."

"मदी बोलू नका, पोपटराव," आत्या म्हणाल्या. "ती मला इचारतीया. तुमी बाप हाय, तुमी माझ्यावर इस्वास टाकला. म्या कुणावर टाकला? ह्या फोनवर." मग सारिकाकडं वळून म्हणाल्या, "चूक माझी हाय पोरी. माफ कर म्हणाय आली न्हाय. तुला काय लागंल ते सांग. ते केल्याबिगर म्या मरत न्हाय."

सारिकानं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझे कॉलेजचे कागद तितं हाईत. मार्कलिस्टा, सर्टिफिकेट. मला लॅबचा कोर्स करायचाय. बाबा दोनदा गेले. पोरगी नांदाय पाठवा, मग कागद देतो, म्हणत्यात."

"बरं," आत्या म्हणाल्या आणि उठल्या. त्या घरी त्यांनी चहा घेतला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या माझ्याबरोबर इंदापूरच्या गाडीत बसल्या. स्टँडवर उतरताच म्हणाल्या, "अस्लमच्या दुकानात चल." अस्लमभाईंचं मोबाईलचं दुकान स्टँडसमोरच्या गल्लीत आहे. त्यांच्या घरातली दोन लग्नं आत्यांच्या ओळखीतून जमलेली, त्यामुळं त्यांनी आधी स्टूल पुसून दिलं.

आत्यांनी मोबाईल काचेवर ठेवला. "ह्यो घे. बटणाचा दे."

अस्लमभाई हसले. "आत्या, उलटं झालं की हे! लोकं बटणाचा देऊन ह्यो नेत्यात."

"मला बटणाचा दे."

"खराब झालाय का? दाखवा, दुरुस्त करून देतो."

"त्यो चांगला हाय. म्या खराब झालीया."

आता अस्लमभाई हसायचे थांबले. झालेली गोष्ट त्यांच्याही कानावर आलेली होती. ते हळूच म्हणाले, "सोयरिकीचं काम बंद करा हवं तर. फोन राहू द्या. नातवाचं तोंड कुठं बघणार?"

हेच मलाही वाटत होतं. दत्ताचं मूल तेव्हा नुकतंच पाय टाकू लागलं होतं. रोज संध्याकाळी ते फोनमधून "आज्जी" म्हणायचं आणि आत्या त्या एवढ्याशा काचेला गाल लावायच्या. मी म्हटलं, "आत्या, निदान त्याच्यासाठी तरी ठेवा."

आत्या फोनकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो हातात असला की मला वाटतंय समदं दिसलं. मग पाय हलत न्हाईत. काम तर म्या सोडणार न्हाय. अजून लई पोरी हाईत. म्हणून ह्यो सोडायचा." आणि थोडं थांबून, "नातवाला म्हणावं, सुट्टीत ये. न्हायतर म्या जाईन रेल्वेनं."

देण्याआधी त्यांनी दोन्ही ग्रुपवर शेवटचा निरोप ठेवला. दुकानात उभं राहून, त्याच माळावरच्या आवाजात. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली. "म्या फुलाआत्या बोलतीया. माळेगावच्या एका लेकीचं घर म्या बघितलं न्हवतं आन बघितलं म्हणून सांगितलं. तिचं हाल झालं. आजपास्नं ह्या फोनवर म्या न्हाय. ज्याला माझ्याकडनं सोयरीक पायजे त्यानं घरी यावं. म्याबी त्याच्या घरी येणार हाय. न सांगता येणार हाय. पटत न्हाय त्यानं येऊ नये." मग त्यांनी बोट उचललं. अस्लमभाईंनी फोटो पुसले, ग्रुप बंद केले, सिमकार्ड काढून काळ्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. आत्यांनी तो चोळीत खोचला आणि उन्हात बाहेर पडल्या. अस्लमभाई मला म्हणाले, "ताई, म्या इतकी वर्सं दुकान चालवतोय. असं सांगून फोन देणारं माणूस पयल्यांदाच बघितलं."

लोकांना ते आवडलं नाही. चूक झाली तर गप्प बसावं, गावभर कशाला सांगावी, असं काहींचं म्हणणं. काहींनी म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून सोडून दिलं. ज्यांच्या सोयरिकी अर्ध्यावर होत्या ते दुसऱ्या ग्रुपवर गेले. मेळाव्याचं बोलावणं परत आलं नाही. दत्ता फोनवर चिडला. मी शेजारीच होते. त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, आत्यांचंच आलं, "व्हय रं. व्हय. मला बी दिसावं वाटतंय त्याला. आवाज ऐकव की." आणि मग बराच वेळ त्या भिंतीला टेकून, डोळे मिटून त्या बाळाचं बोबडं बोलणं ऐकत राहिल्या. मी एकदा माझा फोन पुढं केला. व्हिडिओ लावून देते म्हटलं. त्यांनी तो माझ्याच हातात परत ठेवला. "तुझ्यावर बघायला लागले तर माझाच काय वाईट व्हता?"

आठ दिवसांनी त्या सारिकाच्या सासरी निघाल्या. आधी पोलिसांकडं जाऊ या, असं मी म्हटलं. "ते सारिका आन पोपटराव ठरवतील. माझं त्यांचं घर बघायचं राहिलंय, ते बघून येते," त्या म्हणाल्या. मी रजा टाकली. त्यांना एकटं जाऊ द्यायचं धाडस मला झालं नाही.

गाव लहान. दोनमजली घर लांबूनच दिसलं, अगदी फोटोतल्यासारखं. त्याच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. आत्यांनी वळसा घातला. सारिकाची सासू चुलीपुढं भाकरी थापत होती. आम्हाला बघून ती उठू लागली, पण आत्या तिच्याशेजारी बसल्याच. "बसा. म्या सणसरची फुलाआत्या. सोयरीक म्या जमवली व्हती."

बाई परत भाकरी थापू लागली. तिची भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होत होती. मी दारात उभी होते. तिचं उजवं मनगट वाकडं होऊन तसंच बसलं होतं. हात सरळ टेकतच नव्हता.

आत्यांनी पीठ आपल्याकडं ओढलं. "सरा. दोन भाकरी म्या टाकते." थोडी थापून झाल्यावर खाली बघतच विचारलं, "हाताला कशानं झालं?"

"पडले."

"पडून असं न्हाय मोडत, बाई."

बाईनं दाराकडं बघितलं. बाहेर कुणी नव्हतं. "लई वर्सं झाली," ती म्हणाली.

"दवाखान्यात न्हेलं न्हाय?"

"कोण न्हेणार? ज्यानं मोडला त्यो?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी आत्यांनी ती उलटली नाही. मी त्यांना असं भांबावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "फोनात तुमी हात पदराखाली धरला व्हता," त्या म्हणाल्या.

"धराय लावला व्हता," बाई म्हणाली. आणि पहिल्यांदाच आत्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तुमी आला असता तर तुमाला दिसला असता."

आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या दोन्ही हातांनी भाकरी थापत होत्या. मग ती बाई स्वतःच उठली, आतल्या खोलीत गेली आणि ज्वारीच्या कणगीमागून एक प्लॅस्टिकची फाईल घेऊन आली. सारिकाचे कागद. तिनं ते सांभाळून ठेवले होते. नवऱ्यानं फाडू नयेत म्हणून तिथं लपवले होते.

आत्यांनी फाईल माझ्याकडं दिली. मग त्या बाईला स्वतःचा नंबर पाठ करायला लावला. एकेक आकडा म्हणायच्या आणि तिच्याकडून म्हणून घ्यायच्या, अंगणवाडीतल्या लेकराकडून घेतात तसा. "शेजारणीच्या फोनवरनं कर. कवाबी कर. म्या उचलीन."

आम्ही बाहेर पडणार तोच सासरा आला. थोराड माणूस. मागं मुलगाही होता, पण तो बापाच्या आडच राहिला. "कुणाला इचारून आत शिरला?" सासरा ओरडला आणि माझ्या हातातल्या फाईलकडं येऊ लागला.

आत्या मधे उभ्या राहिल्या. "पाव्हणं, सोयरीक म्या जमवली व्हती. ती चुकीची जमली. पोरगी येणार न्हाय. कागद घेऊन चाललीया."

"आमच्या घरात येऊन..."

"तुमच्या घरात काय चालतंय ते आता म्या बघितलंय," आत्या म्हणाल्या, आणि मग आवाज असा काही सोडला की चुलत्याच्या घरातली माणसं गॅलरीत आली, समोरच्या रस्त्यावरची सायकल थांबली. "त्या बाईचा हात कुणी मोडला ते बी बघितलंय! पुन्हा तिच्या अंगाला बोट लावलं तर म्या परत येणार हाय. आज दोघी आलोय. तवा माझ्या गावातल्या समद्या बायका घेऊन येणार हाय!"

तो माणूस थांबला. गॅलरीतल्या भावाकडं बघितलं, खाली बघितलं. आम्ही चालू लागलो.

एसटीत बसल्यावर आत्यांनी फाईल माझ्याकडून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. "आत्या, भ्या वाटलं न्हाय का?"

"वाटलं की," त्या म्हणाल्या. "पर त्या बाईला रोज वाटतंय."

त्या बाईचे फोन नंतर येत राहिले. दुपारी, घरात कुणी नसताना. आत्या सगळं काम टाकून ऐकायच्या. एकदा त्या पुन्हा तिकडं जाऊन आल्या, या वेळी खरंच चारपाच बायका घेऊन. काय झालं ते मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की तिला भावाकडं पोचवलं, आणि भाऊ बरा माणूस आहे. त्याचं घर बघितलंय.

सारिकाचा घटस्फोट व्हायला वेळ लागला. तोवर तिनं कोर्स केला आणि बारामतीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली. कोर्टाच्या तारखेला आत्या हटकून जायच्या. बाहेरच्या बाकावर बसून असायच्या. एवढ्या काळात त्यांनी सारिकापुढं लग्नाचा शब्द काढला नाही. दुसऱ्या कुणी काढला तर उठून जायच्या. आणि त्यांचं जुनं काम हळूहळू परत सुरू झालं होतं. पूर्वीइतकं नाही. महिनोन्‌महिने एखादंच. पण मुलीच्या आया त्यांना शोधत घरी येऊ लागल्या होत्या. ग्रुपवरची पन्नास स्थळं बघून झाल्यावर, "आत्या, येवढं एक घर बघून या," म्हणून.

मग एके दिवशी सारिकाच आली. मी आत्यांच्या ओसरीत त्यांच्याबरोबर शेंगा फोडत बसले होते. सारिका समोर बसली, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "आत्या, एक घर बघून यायचंय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

आत्यांचा हात थांबला. "मला सांगतीस व्हय?"

"तुमालाच सांगतीया," सारिका म्हणाली. "लॅबमधलाच हाय. मला आवडतोय. पर मी आता नुसतं बघून हो म्हणत न्हाय. तुमी बघा. तुमी न्हाय म्हणला तर न्हाय."

मुलगा इंदापूर तालुक्यातल्याच एका वस्तीवरचा. आई वारलेली, घरी म्हातारे वडील, एक म्हैस, दोन गाई. आत्यांचा गुडघा तेव्हा पार गेला होता. काठी घेऊन चालायच्या. तरी त्या गेल्या, पहाटेच्या गाडीनं गेल्या, भर दुपारी गेल्या, बाजाराच्या दिवशी गेल्या. शेवटच्या खेपेला त्यांनी जे केलं ते आठवलं की मला अजून हसू येतं. बापलेक धारेला बसायच्या आधी त्यांनी गुपचूप वासराचं दावं सोडलं. वासरू गाईला जाऊन भिडलं आणि सगळं दूध पिऊन मोकळं झालं. आत्या काठीवर रेलून बघत राहिल्या. मुलगा वासरामागं धावला, शेणात घसरून पडला. म्हातारा पोट धरून हसला आणि मुलाला म्हणाला, "ऊठ, ऊठ. आज त्याचा सण हाय. च्या कोरा पिऊ." मग आत्यांनीच कबूल केलं, दावं मी सोडलं म्हणून. तर म्हातारा आणखी हसला आणि त्यांनाही कोरा चहा दिला.

"दूध समदं गेलं," आत्या मला सांगत होत्या, "पर त्या घरात शिवी आली न्हाय."

सारिकाला त्यांनी सांगितलं, "घर बारीक हाय. पत्र्याचं हाय. पावसाळ्यात एका कोपऱ्याला गळतंय, ते म्या त्येला सांगितलंय. पर तितं कुणी कुणाला भीत न्हाय. आता तू ठरीव."

लग्न दारातच झालं, साधंच. सारिकाच्या आईनं आत्यांना लुगडं दिलं तेव्हा त्या ते घेईनात. शेवटी सारिकानं स्वतः त्यांच्या खांद्यावर टाकलं. सुट्टीत दत्ताही आला होता. त्याचा मुलगा आता चांगला पळणारा झाला होता. आत्यांचं बोट धरून तो मांडवभर हिंडला.

पुढं माझ्या नवऱ्याच्या कामामुळं आम्ही बारामतीला राहायला आलो. आत्यांची गाठ कमी झाली. मधूनमधून फोन व्हायचा. "कशी हायेस? लेकरं जेवत्यात का?" एवढंच विचारायच्या, पण इतक्या जोरात की शेजारचे हसायचे. मागच्या पावसाळ्यात त्या गेल्या. सकाळी चूल पेटवली आणि तिथंच कलंडल्या. मला पोचायला उशीर झाला. मातीला कुठून कुठून बायका आल्या होत्या. ज्यांना गाव ओळखत नव्हतं, अशा. प्रत्येकीचं घर आत्यांनी बघितलेलं.

पण मला त्या दिवसाच्या आत्या आठवत नाहीत. मला आठवतात त्या आधीच्या उन्हाळ्यातल्या, इंदापूरच्या स्टँडवरच्या. मी बारामतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते आणि गाडी सुटायला अजून वेळ होता. पलीकडच्या फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर आत्या दिसल्या. काठी भिंतीला टेकवलेली. शेजारी एक तरुण बाई बसली होती. कडेवर लहान मूल, चप्पल तुटलेली. ती काहीतरी सांगत होती आणि आत्या तिच्याकडं पूर्ण वळून, मान वाकडी करून ऐकत होत्या. त्यांची सणसरची गाडी समोर लागली, माणसं चढली, कंडक्टरनं घंटी दिली. आत्या उठल्या नाहीत. मी खिडकीतून हाक मारली, "आत्या!" त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडं न बघताच एक हात वर केला. थांब, असा तो हात होता. सणसरची गाडी निघून गेली. आत्यांनी त्या बाईच्या कडेवरचं मूल स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या असाव्यात, "हं. बोल."

ती बाई कोण होती, हे मला आजही माहीत नाही.